दाराआडचा इम्रान

बुधवार, ४ फेब्रुवारी २००४. मत्रह

ही डायरी इथल्या, आखातातल्या भारतीय शाळेची आहे. दर जानेवारीत सगळ्या शिक्षकांना मिळते. मी त्यात गणिताचे आणि मराठीचे तास लिहिते. या वर्षी तास नाहीत. नवरा गेल्यानंतरची इद्दत संपेपर्यंत शाळेने रजा दिली आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. पानं कोरी आहेत म्हणून लिहिते.

इम्रान गेला त्या जानेवारीतल्या शुक्रवारी तो रुवीच्या सिग्नलवर गाडीत होता. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग कुणीतरी उतरून काचेवर टकटक केली. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकेचाळीस. हॅन्डब्रेक ओढलेला होता, असं त्याच्या मेहुण्यांनी, जहूरभाईंनी सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं. का, ते माहीत नाही.

नणंद हवाबी आपा म्हणते, रड. रडू येत नाही. परवा ईद झाली. मटण खारट झालं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

जयप्रकाश यांचा मुंबईहून फोन. ते सिनेमाचे दिग्दर्शक. दोन वर्षं इम्रानवरच्या सिनेमाची तयारी करत आहेत. बंदरावर काम करणारा रत्नागिरीचा मुलगा कामगारांच्या स्पर्धांत बॉक्सिंग करतो. शहाण्णव साली निझवाच्या रस्त्यावर गाडीसमोर उंट येतो. उजवा खांदा आणि कंबर मोडते. हा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर सांगतात. तीन वर्षांनी तोच माणूस रिंगमध्ये उतरतो आणि जिंकतो. हे इथल्या एका इंग्रजी पेपरात आलं होतं, तिथून त्यांनी उचललं.

"वहिनी," ते म्हणाले, "तारखा ठरल्यात, बंदराची परवानगी मिळालीय. पण तुम्ही नको म्हणालात तर मी आजच थांबवतो."

"त्यांनी हो म्हटलं होतं ना," मी म्हणाले. "मग करा."

त्यांची अडचण वेगळी होती. सिनेमातला हीरो महिनाभर इम्रानसोबत राहून त्याचं बोलणं, चालणं शिकणार होता. आता कुणाकडून शिकणार?

"व्हिडिओ आहे का एखादा?"

"मॅचचा आहे. त्यात नुसता गोंगाट आहे."

"लग्नाचा?"

"त्यात बँड."

"म्हणजे आवाज कुठेच नाही?"

मी आठवून पाहिलं. "नाही," म्हणाले.

लग्नानंतर तो इथे आणि मी रत्नागिरीला होते तेव्हा टेपा यायच्या. तो बोलून कॅसेट भरायचा, सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. सासूबाईंच्या खोलीत सगळे मिळून ऐकायचो. मग त्याच कॅसेटवर मी उत्तर भरायचे आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर परत पाठवायचे. तो त्यावर पुन्हा भरायचा. सगळ्या घरांत असंच चालायचं. नवी कॅसेट कशाला घ्यायची, एक पुरत होती. जुनं पुसलं तरी काही वाटायचं नाही, नवीन यायचंच.

फोन ठेवल्यावर त्याच्यासारखं माझं नाव, "साबेरा", म्हणून पाहिलं. माझ्याच आवाजात आलं. पण कानात त्याचा अजून आहे. आज तरी आहे. तो जायच्या आत कुणाला तरी शिकवला तर राहील. म्हणून जयप्रकाशना उलट फोन केला आणि सांगितलं, त्या मुलाला पाठवा, मी शिकवीन.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आपा अमेरातहून आली. ती इम्रानची मोठी बहीण, जहूरभाईंची बायको. तिला सांगितलं.

"परक्या माणसाला दारात बसवून नवऱ्याचा आवाज शिकवणार? इद्दतीत?"

"दाराआड बसेन. पडदा लावू. तुम्ही बसा सोबत."

"मी बसणारच. माझाच भाऊ हाय तो. कायतरी भलतंच शिकवशील."

जहूरभाई मवालेहच्या बाजारातून टोमॅटोची पेटी घेऊन आले होते. ते म्हणाले, मौलवींना विचारलं, गरजेपुरतं दाराआडून बोलायला हरकत नाही.

"गरज कोणाची?" आपा म्हणाली.

"खलास. चहा दे आता."

शनिवार, २१ फेब्रुवारी

मुलाचं नाव आर्यन. खरं नाव वेगळं आहे म्हणे, सिनेमासाठी हे घेतलं. पुण्याचा आहे. जिन्याच्या चौकात शेजाऱ्यांची घडीची खुर्ची टाकून बसला. दाराला साखळी, आत पडदा, पडद्याच्या आत मी आणि आपा.

त्याने पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं. इस्पितळातलं, अपघातानंतरचं. "साबेरा, खांदा मोडलाय, मी नाही मोडलो!"

आपा मोठ्याने हसली. घरात इतक्या दिवसांनी कुणी हसलं. "असं कोण बोलतं रे? इम्रान असं बोलला असता तर मी कानाखाली दिली असती."

"मग काय म्हणाले होते ते?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. शुद्धीवर आल्यावर इम्रान म्हणाला, "उंट मेला काय?" मी म्हटलं, मेला. तो म्हणाला, "बिचारा." आणि परत झोपला.

मग आर्यन म्हणाला, "हे फार चांगलं आहे वहिनी. सरांना सांगतो."

तो प्रत्येक ळ ठासून म्हणतो. आम्ही रत्नागिरीचे लोक घरात 'जवल' म्हणतो, 'डोला' म्हणतो. मी शाळेत मुलांचे ळ नीट करते आणि आज त्याचे मोडत बसले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज खोकला. इम्रान वाक्याच्या आधी खोकायचा, नंतर नाही. आर्यनला तीनदा करून दाखवावं लागलं. आपा म्हणाली, तुझ्यापेक्षा मला बरं येतं, आणि तिने करून दाखवलं. तो हुबेहूब आला. भावाबहिणीचा सारखाच आहे, हे मला माहीत नव्हतं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

जयप्रकाश येऊन गेले. सिनेमात इम्रान सूर्योदयाला वादीच्या कोरड्या पात्रातले मोठे दगड उचलून खांदा बरा करतो. मी सांगितलं, दगड नव्हते. तो स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभा राहायचा आणि बोटं चालवत हात वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलने रेघ मारायचे. मी भाजी चिरत असायचे. तो म्हणायचा, "मार गो रेघ, हात दुखतोय." मी कांदा ठेवून जायचे. रेघा अजून आहेत. काही एकमेकींवरच आहेत, कारण कित्येक आठवडे हात तिथेच थांबायचा.

"भिंत पडद्यावर काही बोलत नाही वहिनी," जयप्रकाश म्हणाले. चांगले गृहस्थ आहेत. दगड असू देत.

बुधवार, ३ मार्च

आज आर्यन आला नाही, बंदरावर शूटिंग होतं. चारला चहा ठेवला, मग लक्षात आलं. दोन्ही कप मीच प्यायले.

सोमवार, ८ मार्च

खूप प्रगती आहे. 'काय गो', 'नाय जमायचं', 'बघू उद्या' ही तीन इतकी बरोबर आली की आपा उठून आत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "खुर्ची एवढी पुढे का ओढलीस?"

"ऐकू येत नव्हतं."

"मना तर मागे बसून ऐकू येतं." मग थोड्या वेळाने, "केस विंचरलेस आज."

"रोजच विंचरते."

तिने पडदा नीट ओढला.

तूबाशी, माझ्या मुलीशी, पटत नाही हल्ली. ती तेरा वर्षांची. आर्यन असतो तेव्हा ती खोलीचं दार लावून मोठ्याने गाणी लावते. गाणी बंद कर म्हटलं तर म्हणाली, "व्हाय? सो यू कॅन हिअर हिम?" मी म्हटलं, हो, त्याशिवाय चुका कशा कळणार.

शनिवार, १३ मार्च

चाल शिकवायला पडद्याआडून जमत नाही. आर्यनने विचारलं, चपला मिळतील का त्यांच्या. मी दिल्या. कंबर मोडल्यापासून इम्रान डावा पाय ओढायचा. त्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजली आहे. ती घातली की पाय आपोआप तसाच पडतो, असं आर्यन जिन्यात चालून म्हणाला. मला ऐकू आलं. तसाच पडतो.

तूबा शाळेतून आली, दाराजवळची मोकळी जागा पाहिली. "अम्मी, यू गेव्ह हिम अब्बाज सँडल्स?"

"परत देणार आहे तो."

"दॅट्स नॉट द पॉइंट."

मग पॉइंट काय ते तिने सांगितलं नाही.

मंगळवार, २३ मार्च

रविवारी काय झालं ते लिहिते.

आपाला यायला उशीर होता. मी भाकरीचं पीठ मळत होते. जिन्यावर पावलं वाजली. एक नीट, एक ओढलेलं. पहिल्या मजल्यावर थांबली, तिथे तो नेहमी दम खायचा. मग खोकला. मग वर, आणि दारातल्या पायपुसण्यावर चपला घासल्याचा आवाज.

मी उठले, साखळी काढली आणि दार उघडलं.

"आज लवकर?" मी म्हणाले.

"हां. सुटलो लवकर," तो म्हणाला. "भूक लागलीय."

मी आत गेले. तवा ठेवला, भाकरी थापली, टाकली. पाट्यावरची चटणी वाटीत काढली. ताट मांडलं. दार उघडंच होतं. तूबा खोलीतून बाहेर आली. ती दाराकडे बघत होती. तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता, बाहेरच उभा होता. नंतर कळलं, आर्यन सराव करतच जिना चढला होता, मी विचारलं आणि त्याच्या तोंडून तेच निघालं.

तूबा माझ्याशी मराठीत फार बोलत नाही. तेव्हा मराठीत म्हणाली, "अम्मी, ते अब्बा नाहीत."

मी म्हणाले, "माहीत आहे." आणि भाकरी उलटली.

तूबा खाली बसून रडायला लागली. त्याने चपला काढल्या, दाराशी जोडून ठेवल्या, आणि अनवाणी खाली गेला.

आपा आल्यावर तूबाने तिला सगळं सांगितलं. मला वाटलं आपा ओरडेल. तिने ताट पुढे ओढलं आणि ती भाकरी खाल्ली. पूर्ण खाल्ली. मग म्हणाली, "गार झाली होती."

बुधवार, २४ मार्च

जयप्रकाशना फोन करून सांगितलं, शिकवून झालं. ते म्हणाले, आर्यनला फार वाईट वाटतंय, माफी मागायची आहे. मी म्हटलं, त्याने काय केलं? त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

शुक्रवार, २ एप्रिल

'काय गो.' 'नाय जमायचं.' 'बघू उद्या.' सकाळपासून आठवते आहे. सगळं आर्यनच्या आवाजात येतं. मी शिकवलेलं सोडून दुसरं काही आठवू म्हटलं, तर ज्या गोष्टी मी आर्यनला कधी सांगितल्याच नाहीत त्याही त्याच्याच आवाजात येतात. तूबा बाजारात हरवली म्हणून तो रागावला होता ते. माझी अम्मी गेल्याचं सांगायला त्याने शाळेत फोन केला होता ते.

शब्द आहेत. तो नाही.

आपाला सांगितलं. ती म्हणाली, थकली आहेस, झोप. झोपले.

गुरुवार, ८ एप्रिल

काही विशेष नाही. उकडायला लागलं. एसी गळतो आहे, खाली बादली ठेवली.

सोमवार, १९ एप्रिल

आपा घाईघाईने आली. सासूबाईंनी कपाट आवरायला काढलं, त्यात एक कॅसेट सापडली. वर इम्रानच्या अक्षरात माझं नाव आहे. तिकडे लावायला यंत्र नाही. जहूरभाईंच्या ओळखीचे मुस्तफाभाई आंबे घेऊन येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवत आहेत.

"इम्रानचा आवाज हाय त्यात!" आपा म्हणाली.

"नाही आपा," मी म्हटलं. "ती शेवटची असेल. तिच्यावर मी उत्तर भरलं होतं. पाठवायच्या आधी माझा व्हिसा आला."

आपा खाली बसली. "म्हणजे पुसला?"

"हो."

"तू?"

"हो."

शनिवार, १ मे

पेटी आली. पेंढ्यात, आंब्यांच्या मधे, प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेट. आपा, तूबा आणि मी बसलो. तूबाच्या टेपवर लावली.

माझा आवाज. तेवीस वर्षांच्या मुलीचा, भरभर बोलणारा. मी इतकी बोलायचे हे विसरले होते. मधे बाळ ओरडतं. मी सांगते आहे, "ऐका, ही बघा कशी ओरडते. खालचा दात आलाय. बोट घातलं की चावते. रंग तुमच्यासारखा, पण कपाळ अम्मींचं. झोपताना डावी मूठ तोंडाजवळ ठेवते, बॉक्सिंग करणार बहुतेक."

"दॅट्स मी?" तूबा म्हणाली. आपाने तिला जवळ घेतलं.

शेवटी मी म्हणते, "बाकी सगळं ठीक. तब्येत सांभाळा." खट्ट. मग नुसती खरखर.

आपाने बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं माहीत नाही. कदाचित उठायचा कंटाळा आला होता.

खरखर चालली होती आणि मधूनच तो बोलायला लागला. माझं उत्तर त्याच्या बोलण्यापेक्षा थोडं आखूड होतं. शेवटचा तुकडा तसाच राहिला होता.

"...नाकाला जरा लागलंय, काय नाय. अम्मीला नको सांगू. आन पोरगी कशी हाय ती नीट सांग, नुसतं बरी हाय, बरी हाय नको. काय करते, कोणासारखी दिसते, सगलं सांग. बस, टेप सरली बघ—"

संपली.

आवाज बारीक होता. भरभर बोलणारा, जवळजवळ मुलाचा. मी शिकवला तो हा नव्हता. मी आर्यनला खालच्या पट्टीत, थांबून बोलायला शिकवलं. खोकला तर या तुकड्यात कुठेच नाही.

"नाक मोडलं त्याच्या आधीचा आवाज तो," आपा म्हणाली. "नंतर जाड झाला."

"पण नाकाला लागलंय असं तोच सांगतोय ना."

"मग सुजलं नसेल तेवढं."

असेल. मला आता सांगता येणार नाही.

तूबा म्हणाली, "ही साउंड्स सो यंग." मग म्हणाली, "परत लाव."

संध्याकाळपर्यंत तीच लावत बसली. आंबे कापायचे राहिले.

सोमवार, १० मे

आर्यनचा मुंबईहून फोन. आधी बराच वेळ त्या दिवसाबद्दल बोलला. मी म्हटलं, सोडा ते. चपला जागेवर आहेत.

मग म्हणाला, "वहिनी, शूटिंग संपलं. उंटाचा सीन ठेवलाय सरांनी. सगळे रडले तेव्हा सेटवर. आता डबिंग करतोय, म्हणजे आवाज पुन्हा भरतोय. जे भरू तेच कायमचं राहणार. अजून काही बदलायचं असेल तर बदलता येईल. बरोबर आहे ना आवाज?"

टेप फोनशेजारीच होता. कॅसेट आत होती. बटण दाबलं असतं तर त्याला ऐकू गेलं असतं. हुशार मुलगा आहे, एकदा ऐकून त्याने उचललं असतं.

तूबा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "अगदी तसाच. काही बदलू नका."

"खरंच?"

"मी बायको आहे त्यांची. मला नाही कळणार?"

तो खूश झाला. शुक्रिया म्हणाला, आमच्यासारखं.

बुधवार, १९ मे

इद्दत संपली. सकाळी आंघोळ करून आपाबरोबर कबरीवर जाऊन आले. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर थांबले, दम लागला होता. बाहेर ऊन खूप होतं. समुद्राचा वास येत होता.

दुपारी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकले. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. तूबाला माहीत नव्हतं. तिने मोडलेले तुकडे हातात घेऊन पाहिले.

"इतकं सोपं? मग तेव्हाच का नाही तोडलेस?"

"उत्तर कशावर दिलं असतं?"

तिने तुकडे कॅसेटशेजारी ठेवले. मग म्हणाली, "पण तू पाठवलं तर नाहीसच."

"नाही," मी म्हणाले. "मीच आले ना."